पाचव्या प्रश्नातली बाई

मंगळवार, २ सप्टेंबर

कालच्या नोंदीत एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं की गाडीतून उतरून, पत्ता विचारत विचारत मी एकटीच ह्या घरापर्यंत आले. ते खरं नाही. मालकीणबाई गल्लीच्या तोंडापर्यंत न्यायला आल्या होत्या आणि दोन पिशव्यांतली जड पिशवी त्यांनीच उचलली. एकटी आले असं लिहिताना छान वाटलं, म्हणून लिहिलं. ही वही कोणी वाचणार नाही, तरी चूक ती चूक. आत्याने लिहायला शिकवलं तेव्हाच बजावलं होतं की चुकलेलं खोडायचं नाही, खाली दुरुस्ती लिहायची, म्हणजे आपण कुठे घसरतो ते आपल्यालाच दिसतं. त्यावरून बाबा मला शुद्धिपत्र म्हणतात.

आता बाकीचं, आणि ते सगळं खरं आहे. खोली वरच्या मजल्यावर आहे, लहान पण उजेडाची. खिडकीसमोर टेबल, टेबलासमोर खुर्ची, खुर्चीमागे कोरी पांढरी भिंत. भिंतीवर खिळासुद्धा नाही. मालकीणबाई तीस वर्षं नोकरभरतीच्या कार्यालयात होत्या, दर मुलाखतीला पॅनलमध्ये बसायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही खोली मुलाखत देणाऱ्या मुलींनाच भाड्याने द्यायचं ठरवलं. इंटरनेट पक्कं आहे, रस्त्याचा आवाज येत नाही, आणि सराव त्या स्वतः करून घेतात. आतापर्यंत ह्या खुर्चीतून अकरा जणी नोकरीला लागल्या. मला म्हणाल्या, बारावी तू, माझा आकडा बिघडवू नकोस.

मला त्या आवडल्या. खोलीही आवडली. रात्री छान झोप लागली.

गुरुवार, ४ सप्टेंबर

सराव सुरू झाला. मालकीणबाई स्वयंपाकघरात स्टुलावर बसतात, मी माझ्या खोलीत, मध्ये एक भिंत. तरी आम्ही पडद्यावरच भेटतो. त्यांचा आवाज आधी भिंतीतून येतो आणि मग क्षणभराने लॅपटॉपमधून, त्यामुळे प्रत्येक प्रश्न मला दोनदा विचारला जातो. पहिल्यांदा मी भिंतीकडे तोंड करून उत्तर दिलं. त्या म्हणाल्या, भिंत काही तुला पगार देणार नाही.

शिकलेलं लिहून ठेवते. लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं, म्हणजे कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत येतो. बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे नाही, कॅमेऱ्याच्या ठिपक्याकडे बघायचं. पडद्याच्या कडेला चिठ्ठ्या चिकटवायच्या नाहीत, कारण डोळे सरकलेले कळतात. आम्हाला सगळं कळतं, म्हणाल्या, आम्ही फक्त बोलत नाही. कमरेखाली काय घातलंय ते कोणी बघत नाही, पण घालावं. एक उमेदवार पडदा ओढायला उठला होता, त्याच्या चट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीची आठवण कार्यालयात अजून काढतात.

जागा बोलक्या पुस्तकांच्या संस्थेत आहे. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी तिथे पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात. ते मुद्रण छापील पानाशी ताडून बघायला दोघींची जोडी असते. एक हेडफोन लावून ऐकते, दुसरी पानावर बोट फिरवते, आणि पान संपलं की नोंदवहीत दोघी सह्या करतात. ही नोकरी माझ्यासाठीच केलेली आहे असं मला वाटतं. बाबा वजनकाटे दुरुस्त करत बाजारोबाजार फिरायचे, आमचं बिऱ्हाड दर सहा महिन्यांनी हलायचं, त्यामुळे शाळा कधी झालीच नाही. आत्याने मोठ्याने वाचायचं आणि मी पानावर बोट फिरवायचं, असंच मी सगळं शिकले. परीक्षा बाहेरून दिल्या.

मामाचं म्हणणं वेगळं आहे. पोरगी हुशार आहे, पण चार लोकांत बसलेली नाही, घरात वाढवलेलं रोप उन्हात तग धरत नाही, असं तो आईला माझ्या देखत म्हणाला. बाबा उठून बाहेर गेले. मला ही नोकरी त्यासाठी हवी आहे. बाबांनी मला घरी शिकवून माझं नुकसान केलं नाही, हे एकदा कागदावर यायला हवं.

शनिवार, ६ सप्टेंबर

पाचव्या प्रश्नावर गाडी अडली. सहकाऱ्याशी मतभेद झाल्याचा एखादा प्रसंग सांगा आणि तुम्ही तो कसा हाताळलात. मालकीणबाई म्हणतात की हा प्रश्न येतोच येतो.

मला सहकारीच नव्हते. वर्गमैत्रीणही नव्हती. मी म्हटलं, आत्याशी एकदा कडाक्याचा वाद झाला होता. त्या म्हणाल्या, आत्या नात्यात गेली, पॅनलला आत्या चालत नाही. मग चहा ठेवला आणि म्हणाल्या, एखादी बाई उभी कर.

मी खोटं बोलणार नाही असं सांगितलं. त्या म्हणाल्या, खोटं कोण म्हणतंय, उदाहरण म्हण. तीस वर्षं मी उदाहरणंच ऐकली आणि माणसं चांगली निघाली. फक्त तपशील दे. नुसती एक बाई होती म्हणालीस तर ती उभी राहणार नाही. बरोबर तीन तपशील. चौथा दिलास की आम्हाला वास येतो.

दुपारभर बसून मी बाई उभी केली. माझ्यापेक्षा वीतभर उंच. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला घालते. नाही म्हणायच्या आधी किंचित खोकते. आम्ही दोघी एका वाचनालयात याद्या तपासत होतो. तिने अकरा पानं न तपासताच त्यांवर सह्या ठोकल्या. मी आधी तिला एकटीला गाठून समजावलं, तिने ऐकलं नाही, मग नाइलाजाने वरिष्ठांना सांगितलं, आणि तिला जावं लागलं.

मालकीणबाईंनी दोनदा म्हणवून घेतलं आणि म्हणाल्या, झकास, मला तर ती बाई दिसायला लागली.

आई-बाबांना फोनवर हे सांगितलं नाही. सांगितलं नाही एवढं इथे लिहून ठेवते.

मंगळवार, ९ सप्टेंबर

मुलाखत झाली. अकरा ते अकरा चाळीस. पडद्यावर दोन चौकोन होते, एकात विभागप्रमुख, पिकल्या दाढीचे, मृदू बोलणारे, आणि दुसऱ्यात ध्वनिमुद्रण सांभाळणाऱ्या बाई. पहिली पाच मिनिटं पाण्याचा पेला हातात धरूनच बोलले. मग त्यांनी एक उतारा वाचून दाखवला आणि छापील पानाशी ताडायला सांगितलं. तीन चुका होत्या. मी चार सांगितल्या. चौथी त्यांनाही माहीत नव्हती. विभागप्रमुख हसले, आणि मला वाटलं की झालं.

पाचवा प्रश्न आला. मी ठिपक्याकडे बघून बाई उभी केली. दोघंही पुढे झुकून ऐकत होते. शेवटी विभागप्रमुखांनी विचारलं, त्या बाईंचं पुढे काय झालं.

ह्याची तयारी नव्हती. आमच्या घरी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणं म्हणजे उद्धटपणा. मी म्हटलं, त्यांनी नंतर मला पत्र लिहिलं, आभाराचं. आपलं चुकलं, असं त्यात होतं.

मालकीणबाई स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. मी बाहेर आल्यावर त्यांनी चार बोटं दाखवली आणि मान हलवली.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

निवड झाली. पत्रात लिहिलंय की सहकाऱ्याबद्दल मी ज्या समंजसपणे बोलले त्याचा पॅनलवर विशेष परिणाम झाला. सहा आठवडे उमेदवारी, मग कायम.

घरी फोन केला. आई रडली आणि हसली, ठमे, ठमे म्हणत राहिली. बाबांनी पत्र दोनदा वाचून घेतलं आणि दुसऱ्यांदा मध्येच थांबवून विचारलं, कोण सहकारी? मी म्हटलं, आवाज तुटतोय.

तुटत नव्हता.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

पहिला आठवडा संपला. संस्थेत आठ लहान खोल्या आहेत, भिंतींना जाड कापड, दार लावलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो. अजून जोडीदारीण मिळाली नाही, म्हणून ध्वनिमुद्रणवाल्या बाई माझ्याबरोबर बसतात. त्या म्हणाल्या की तू पानावर बोट फिरवतेस ते बघून मला माझी आजी आठवते, पण आजी निदान मधूनमधून डुलक्या घ्यायची. जेवणाच्या सुट्टीत चौघी-पाच जणी माझ्या टेबलावर येऊन बसल्या. मी चार लोकांत बसले. मामाला कळवायला हवं.

सोमवार, २२ सप्टेंबर

जोडीदारीण मिळाली.

विभागप्रमुख स्वतः तिला घेऊन आले. खूश होते. म्हणाले, तुमच्यासाठी आश्चर्य आहे. तुमच्या उत्तरातल्या त्या बाईंनी आपल्याकडे अर्ज केला, आपली चूक स्वतःच कबूल केली, तुमचं नाव सांगितलं. चूक मानणाऱ्या माणसाला दुसरी संधी द्यावी, हे तुमच्याकडूनच शिकलो.

ती दारात उभी होती. माझ्यापेक्षा वीतभर उंच.

मी नमस्कार केला. दुसरं काय करणार? ते गेल्यावर ती समोरच्या खुर्चीत बसली आणि हात टेबलावर उताणा ठेवला. घड्याळाची तबकडी आतल्या बाजूला होती. तबकडीवर आकडे होते. काटे नव्हते.

योगायोग असेल असं मी दिवसभर स्वतःला सांगितलं. माझ्या उत्तराची बातमी संस्थेत पसरली असेल आणि कोणीतरी थट्टा करत असेल. पण थट्टा करणारा माणूस कधीतरी हसतो. ती सहा तास एका लयीत काम करत होती. निघताना पहिल्यांदा बोलली. म्हणाली, पत्र मी लिहिलं नव्हतं. ते तू लिहिलंस. मी तुझे आभार मानलेले नाहीत.

बुधवार, २४ सप्टेंबर

काम ती चोख करते. तक्रारीला जागा नाही. मध्यंतरात दुसऱ्या मुलींशी गोड बोलते, मी जवळ गेले की गप्प होते, आणि त्याही गप्प होतात. आज माझ्या टेबलावर कोणी बसलं नाही.

दुपारी खोलीचं दार लावून तिने सरळ विचारलं. म्हणाली, तू मला उंची दिलीस, घड्याळ दिलंस, खोकला दिलास, आणि एक पाप दिलंस. घर दिलं नाहीस. आई दिली नाहीस. संध्याकाळी इथून निघाले की मला जायला जागा नसते. मी दुसऱ्या सकाळपर्यंत जिन्यात उभी असते. ते मी कुठून आणू?

मला तिची कीव आली. हे लिहून ठेवते, कारण खरं आहे. मी म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, चुकलं ना, मग भरून दे. तुझी आई तुला काय म्हणते?

प्रश्न विचारला होता. मी उत्तर दिलं. ठमी म्हणते.

ती तो शब्द तोंडातल्या तोंडात दोन-तीनदा म्हणाली.

रविवार, २८ सप्टेंबर

घरी फोन केला. आईने उचलला. मी आहे म्हटलं. आई जरा थांबली आणि विचारलं, कोण बोलतंय. मी परत सांगितलं. तेव्हा हो हो, बरी आहेस ना, म्हणाली. जेवण, हवा, बाबांचा गुडघा, सगळं बोलली. पण अर्धा तास बोलूनही एकदासुद्धा ठमी म्हणाली नाही. शेवटी मीच म्हटलं, ठमी म्हण ना. आई हसली आणि विचारलं, हे कोणाचं नाव?

आई दमली असेल.

मंगळवार, ३० सप्टेंबर

मी आता तिला काही सांगत नाही. ठरवलं आहे.

पण ती प्रश्न असा घालते की तो कामाचाच वाटतो. पुस्तकात पहाटेचा प्रसंग होता. हेडफोन काढून सहज विचारलं, तुमच्याकडे पहाटे कोण उठतं, किती वाजता. मी पानावरून बोट न उचलता बोलून गेले, बाबा, साडेचारला, काटे तपासायला.

लगेच तोंडावर हात ठेवला. ती मनगट बघत होती. तबकडीत आता दोन काटे आहेत. साडेचार दाखवतात.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

आज मीच विचारलं, तुला नेमकं हवंय काय. ती म्हणाली, तू चार मिनिटांत मला कामचोर केलंस, काढून टाकलंस, वर पश्चात्ताप करायला लावलास. आणि त्या चार मिनिटांवर नोकरी मिळवलीस. मला तुझी नोकरी नको. मला तुझ्या जागी बसून तेच उत्तर द्यायचंय.

मग अगदी सौम्य आवाजात म्हणाली, तुझं अक्षर किती छान आहे, कोणी शिकवलं.

मी ओठ घट्ट मिटले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ती वाट बघत राहिली. विचारलेला प्रश्न हवेत तसाच लटकत राहिला की मला श्वास घेता येत नाही, लहानपणापासून. मी म्हटलं, आत्याने. धुळीत, बोटाने. प्रत्येक अक्षराचं पोट आधी, मग काना.

रविवार, ५ ऑक्टोबर

घरचा फोन आत्याने घेतला. मी हॅलो म्हटल्यावर ती म्हणाली, बोला.

बोला, म्हणाली. मला.

ही नोंद मी तीनदा लिहायला घेतली. अक्षर हलतंय. वळणं माझी नाहीत. मागची पानं उलटून बघितली, तिथे माझं अक्षर आहे. हे कोणाचं आहे ते माहीत नाही.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

ती ह्या घरात राहायला आली आहे. संध्याकाळी परतले तर माझ्या खुर्चीत, पांढऱ्या भिंतीपुढे, मालकीणबाईंशी गप्पा मारत बसली होती. माझ्या पिशव्या बोळातल्या अडगळीच्या खोलीत. मी मालकीणबाईंना बाजूला घेऊन विचारलं. त्या गोंधळल्या. म्हणाल्या, खोली एकच आहे, तीत माझी बारावी मुलगी राहते, तुम्हाला तिच्याच शब्दाखातर बोळात जागा दिली. तुमची मुलाखत कधी आहे?

मी म्हटलं, तुम्ही माझी जड पिशवी उचलली होती. त्या म्हणाल्या, असेल, मी सगळ्यांचीच उचलते.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

नोंदवहीत अकरा पानांच्या नोंदी सापडल्या. त्यांवर माझी सही आहे, जुनी, आत्याने शिकवलेल्या वळणाची. ती पानं मी तपासलेली नाहीत. एका पानावर अख्खा परिच्छेद गळलाय आणि पुस्तक वाचकांकडे गेलंय.

विभागप्रमुखांनी बोलावलं. रागावले नाहीत, ते जास्त वाईट. म्हणाले, तुमच्या जोडीदारणीने आधी तुम्हाला एकटीला गाठून समजावलं होतं, तुम्ही ऐकलं नाही, मग नाइलाजाने तिने मला सांगितलं. हे सांगताना तिचे डोळे भरून आले होते.

माझीच वाक्यं. शब्दन् शब्द.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

सकाळी त्यांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. मी मुलाखतीत खोटं बोलले. असं वाचनालय नव्हतं, अशा याद्या नव्हत्या, अशी बाई नव्हती. तिला मी एका दुपारी बनवली. मला काढून टाका, पण हे खरं आहे.

त्यांनी तिला बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर विचारलं, ह्या म्हणतात ते खरं आहे का.

ती किंचित खोकली. आणि नाही म्हणाली.

विभागप्रमुखांनी मला पाणी दिलं. घरी कोणी मोठं माणूस आहे का, विचारलं.

रविवार, १२ ऑक्टोबर

फोन लावला, लागत नव्हता. घरचा नंबर सतत व्यस्त. अडगळीच्या खोलीची भिंत तिच्या खोलीला लागून आहे. भिंतीतून आईचं हसणं ऐकू आलं. स्पीकरवर. ठमे, म्हणत होती. ठमे, जेवतेस ना नीट. मामा आला होता बरं का, त्याचं तोंड बघायला हवं होतंस.

ते संपल्यावर मी लावला. आईने लगेच उचलला, आवाजात हसू उरलं होतं. मी म्हटलं, आई. ती म्हणाली, अहो, तुम्ही तिच्याबरोबर काम करता ना, तिने सांगितलं तुमच्याबद्दल. बरं नसतं म्हणे तुम्हाला. या की एकदा आमच्याकडे, तिच्या मैत्रिणी आल्या की आम्हाला बरं वाटतं.

अहो म्हणाली.

घरी पळून जायचं मनात होतं. पण दार उघडल्यावर आई मला पाण्याचा पेला देईल आणि बाहेरच्या खोलीत बसवेल. पाहुणीसारखी.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

चौकशीचं पत्र आलं. सोमवार, २० ऑक्टोबर, सकाळी अकरा. पडद्यावर. विभागप्रमुख, ध्वनिमुद्रणवाल्या बाई, आम्ही दोघी. आणि बाबा. अर्जातली मुलगी आपणच, असं आता तीही म्हणते; अर्जात शिक्षक किंवा पालक ह्या रकान्यात मी बाबांचं नाव लिहिलं होतं, म्हणून ओळख पटवायला त्यांना जोडून घेणार आहेत. जिच्याबद्दल बाबा ग्वाही देतील ती कायम. दुसरी—

पत्रात दुसरीबद्दल काही लिहिलेलं नाही.

बुधवार, १५ ऑक्टोबर

ती म्हणाली, बाबा दिसले की मी आधी हाक मारणार. बघू कोणाकडे बघतात.

आता रोज विचारते. बोळात, दारात, नळाशी. बाबा घोट घेताना आवाज करतात का. आईच्या कोणत्या हाताला चटका आहे. मी कानांत कापूस घातला. तरी ओठ वाचून कळतं, आणि कळलं की—

तीन उत्तरं दिली. लिहीत नाही. तिन्ही आता मला आठवत नाहीत.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

आरशात बघितलं. मालकीणबाई म्हणाल्या होत्या, तीन तपशील पुरेत. माझे किती उरलेत ते मोजत होते. केस. तीळ. आणखी—

जोडीच्या खोलीत ध्वनिमुद्रणवाल्या बाई आल्या, तिला काहीतरी विचारलं, आणि माझ्या खुर्चीवर फाइल ठेवली. मी बसलेली होते. माझ्या मांडीवर—

शुक्रवार, १७ ऑक्टोबर, दुपार

वही जागेवर नव्हती. परत आली तेव्हा कडेला पेन होतं, माझं नाही. ती वाचते आहे. हे लिहितानाही मला ते माहीत आहे.

तू हे वाचशील. वाच. मी तुझं वाईट केलं, ते खरं आहे, आणि त्याचं जे व्हायचं ते होऊ दे, नोकरी जाऊ दे. पण आई तुझी नाही. बाबा तुझे नाहीत. ते मी तुला दिले नव्हते, तू काढून घेतलेस.

शनिवार, १८ ऑक्टोबर, सकाळ

एक गोष्ट उरली आहे.

तिने ती विचारलेली नाही, कारण विचारायची कशी तेच तिला माहीत नाही. आईला माहीत नाही, आत्याला नाही. फक्त बाबा आणि मी. काल दुपारपासून मी ती मनात धरून बसले आहे, जिभेखाली खडा धरावा तशी. अजून शाबूत आहे. तपासून बघितलं, प्रत्येक तपशील आहे, उजेडसुद्धा.

ती इथे लिहायची नाही. तेवढंच करायचं आहे. दोन दिवस लिहायचं नाही आणि कोणी काही विचारलं तरी बोलायचं नाही.

भिंतीपलीकडे ती आवाज लावून बघते आहे. बाबा, म्हणते. मग जरा वेगळं, बाबा. आता अगदी माझ्यासारखं.

म्हणू दे. सोमवारी, २० ऑक्टोबरला, सकाळी अकरा वाजता बाबा पडद्यावर आले की ती हाक मारेल. मी मारणार नाही. मी थेट ठिपक्याकडे बघेन आणि त्यांना एवढंच विचारेन की मी सात वर्षांची असताना, तो मोठा काटा दुरुस्तीला आला होता त्या दिवशी, आपण दोघांनी दार लावून घेतलं आणि त्याच्या पारड्यात—